फोटोतला पलंग

थोरलीच्या घरात धूळसुद्धा विचारून बसते, असं सासरची माणसं म्हणायची. म्हणायची हसत, पण घाबरूनच. दोघा भावांच्या दोन बायका, त्यातली ही मोठी. शाळा पाहिली चार इयत्ता, पण जीभ पदवीधर. तिच्याकडे आलेला पाहुणा आधी पायपुसण्याकडे बघायचा आणि मग तिच्या तोंडाकडे.

धाकट्या जावेवर तर तिचा विशेष डोळा. धाकटीचं घर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचं. कोणीही यावं, लोळावं, उशी डोक्याखालची की पायाखालची हे सुद्धा कोणी बघू नये. एकदा एका लग्नात, चाळीस माणसं जेवत असताना, थोरली मोठ्याने म्हणाली होती, "हिच्याकडे रात्र काढायची तर आधी ढेकणांची परवानगी घ्यावी लागते." चाळीस माणसं हसली. धाकटी ताटातला घास इकडचा तिकडे करत राहिली. उत्तर तिने दिलं नाही, तेव्हाही आणि नंतरही.

अशा बाईच्या घरात ढेकूण झाले.

आले कुठून, तर हौसेतून. कोपऱ्यावरच्या बंगल्यातली माणसं घर सोडून चालली होती, त्यांनी एक आरामखुर्ची बाहेर काढली. मखमली पाठ, वळणदार हात. थोरलीला वाटलं, मोठ्या घरची वस्तू, आपल्या बैठकीत शोभेल. खुर्ची वर आली आणि पंधरा दिवसांत नवऱ्याच्या पाठीवर गांधी उठल्या. आधी तिने नवऱ्यालाच बोल लावला, की बाहेरचं अरबटचरबट खाता. मग एका सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले आणि तिची बोलती बंद झाली.

औषध मारणाऱ्या माणसांना तिने तीनदा बोलावलं, तेही भर दुपारी, शेजारी झोपलेले असताना. जिन्यात कोणी विचारलंच तर म्हणायची, "मीटरवाले आलेत." तिन्ही वेळा मेले ते मेले आणि उरले ते वाढले. शेवटी तिने सुतारकाम करणारे दोघे लांबून बोलावले. पलंग, सोफा, कपाट, ती मेली खुर्ची, सगळं घरातच करवतीने कापायला लावलं आणि पोत्यांत भरून खाली नेलं. अख्खा पलंग जिन्यातून गेला असता तर लोकांनी विचारलं असतं ना, का टाकताय म्हणून!

घर स्वच्छ झालं. पहिल्या आठ महिन्यांत एक ढेकूण दिसला नाही, नंतरही नाही. पण घरात उरलं काय? प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एक लोखंडी मांडणी आणि जमिनीवर अंथरायच्या दोन पातळ गाद्या, त्याही रोज उलटसुलट बघूनच अंथरायच्या. नवं सामान घ्यायचा धीर तिला होईना. नातेवाइकांना सांगायची, रंगकाम काढलंय, येऊ नका. रंगकाम दोन वर्षं चाललं. एवढ्या वेळात राजवाडा रंगवून झाला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मनाशी म्हणायची. मूठ रिकामी आहे हे तिला आणि नवऱ्यालाच ठाऊक.

पुढे नवऱ्याचे गुडघे गेले, तीन जिने चढवेनात, आणि दोघांनी घर विकून मुलाजवळ जायचं ठरवलं. घरं विकून देणारी एजंट बाई आली. चुणचुणीत पोरगी, पायांत खेळाडूंचे बूट. तिने खोल्यांतून फिरून फोटो काढले आणि म्हणाली, "आजी, रिकाम्या घराचा फोटो लोक बघतसुद्धा नाहीत. आपण फोटोत सामान घालू या."

"कोणाचं सामान?"

"कोणाचंच नाही. कॉम्प्युटरवर घालायचं. हे बघा, यातून निवडा."

तिने हातातली पाटीएवढी स्क्रीन पुढे केली. सोफेच सोफे. पलंगच पलंग. थोरली आधी नाक मुरडून बघत होती, मग चष्मा पुसून बघायला लागली, आणि मग तासभर उठलीच नाही. दोन वर्षांची भूक होती ती. हा सोफा नको, मळखाऊ नाही. हे कपाट नको, त्याला आरसा नाही. पलंगाशी तर ती फारच अडली. शेवटी एक पसंत पडला. उंच, काळसर लाकडाचा, डोक्याशी गुबगुबीत पाठ.

"याचे पाय हलणार नाहीत ना?" तिने विचारलं.

"फोटोतले पाय कसे हलतील, आजी?"

"आजी कोणाची गं? एवढी काही म्हातारी नाही मी."

जाताना पोरीने स्वच्छ सांगितलं, की जाहिरातीत फोटोखाली ओळ टाकावी लागते, 'सामान प्रत्यक्षात नाही'. कंपनीचा नियमच आहे, लोकांना फसवायचं नाही. थोरली म्हणाली, "टाका की. आपल्याला काय चोरी आहे?"

दोन दिवसांनी फोटो आले. ती ओळ टाकायच्या आधीचे, पसंत आहेत का बघायला पाठवलेले. थोरलीने ते बघितले आणि तिचा ऊर भरून आला. हेच तर तिचं घर होतं! असंच असायला हवं होतं. खिडकीतून ऊन येतंय, पलंगावर पांढरीशुभ्र चादर, एक सुरकुती नाही. तिला वाटलं, हे चारचौघांनी बघायला हवं. तिने ते सगळे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले आणि मोबाइलला सांगून लिहून घेतलं, 'आमचं घर. विकायला काढलंय.'

खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. हे ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली.

नणंदेने लिहिलं, 'रंगकामाचं चीज झालं.' मुलाने लिहिलं, 'आई, सोफा कधी घेतला?' त्याला तिने वेगळा फोन करून गप्प बसवलं. धाकटीने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. तिचा तिसऱ्या दिवशी फोन आला.

"जाऊबाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"आधी विचार, मग ठरवते."

"तुम्ही घर सोडताय. त्या पलंगाचं काय करणार?"

धाकटी अडखळत सांगत होती. तिचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, दीड महिन्यापूर्वी पडला होता, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतंच. आता त्याला घरी आणलं होतं. त्यांची जुनी खाट झोळीसारखी लोंबायची, तिच्यावर झोपायला डॉक्टरांनी मनाई केली होती. म्हणून तूर्त खाली गादी. पण खालून उठवायचं म्हणजे दोन माणसं लागायची आणि त्याचा जीव जायचा. डॉक्टर म्हणाले होते, उंच पलंग हवा, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील असा.

"तुमचा फोटोत बघितला आणि हे म्हणाले, अगदी असाच सांगितलाय डॉक्टरांनी. शेजारच्या मास्तरीणबाई आपला देते म्हणत होत्या. पण हे म्हणाले, घरचा असताना परक्याचा कशाला? वहिनींना विचारून बघ. मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे, जाऊबाई."

खरंच मागितलं नव्हतं. तीस वर्षांत एक वाटी साखरसुद्धा नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्याचं काम. पण जिभेला सवय एकाच गोष्टीची. थोरली म्हणाली, "तुझ्या घरात तो शोभायचा नाही, पण जा घेऊन. तीन आठवड्यांनी. आमचं हलायचं ठरलं की."

फोन ठेवला तर नवरा समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होता. "कुठला पलंग देणार आहेस?" त्याने विचारलं.

"बघते मी."

"बघायला असायला तर हवा."

"तुम्ही तोंड उघडलंत तर याद राखा."

त्याने उघडलं नाही. चाळीस वर्षांत त्यालाही सवय झाली होती.

तिचा बेत साधा होता: तस्साच पलंग गुपचूप घ्यायचा, दोन दिवस घरात ठेवायचा आणि देऊन टाकायचा. ती मोबाइल घेऊन बाजारात गेली. चार दुकानं फिरली. चौथ्यात तर पोराने फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि दुसऱ्याला हाक मारली, "ए, हे बघ, पलंगाची सावली खिडकीकडेच पडलीय!" दोघं हसले. थोरलीला कळलं नाही काय चुकलं, पण कान तापले.

शेवटी ती एका सुताराकडे गेली. म्हातारा माणूस, कानावर पेन्सिल. त्याने फोटो बघितला, खोलीची लांबी-रुंदी विचारली, पलंग कोणासाठी तेही विचारलं, आणि लाकडाच्या तुकड्यावर दोन रेघा ओढल्या.

"बाई, हा पलंग या खोलीत मावतच नाही. खराखुरा केला तर दार उघडणार नाही. कोणी काढलंय हे चित्र?"

"तुम्हाला करता येत नसेल तर तसं सांगा."

"येतं की. पण याला मागचे पाय कुठे आहेत ते आधी दाखवा. हा तर भिंतीतून उगवलाय." मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आजारी माणसासाठी हवाय म्हणालात ना? तो बघा, दाराशी तयार आहे. साधा, पण उंच आणि मजबूत. आज न्या."

थोरलीने वळून बघितलं. चार पाय, चार फळ्या, अंगाला पॉलिशसुद्धा एकच हात. हा धाकटीकडे गेला की ती विचारणार, फोटोतला कुठाय? आणि मग सगळं उकलणार, दोऱ्याचं टोक सापडल्यासारखं.

"साधा नको," ती म्हणाली. "असाच हवा."

"मग महिना लागेल. आणि तरी असा होणार नाही."

ती तशीच घरी आली. आता सांगायची गोष्ट ही, की त्या दिवशी तो पलंग नेला असता तर तिचा दीर त्या रात्री उंचावर झोपला असता. हे तिला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. धाकटीचे फोन येत राहिले. "हे रोज विचारतात." "यांनी पलंगासाठी भिंतीजवळची जागा मोकळी करून घेतली." "भेटायला येईल त्याला मोबाइलवर दाखवतात, आमच्या वहिनींनी दिला म्हणून सांगतात." थोरली हो हो म्हणायची, आणि फोन ठेवला की उगाच स्वच्छ फरशी पुन्हा पुसायला घ्यायची. सुताराकडे ती परत गेली नाही. नवं काही सुचतही नव्हतं. तीन आठवडे भरायच्या आत काहीतरी होईल, एवढंच. काय होईल? तिला ते मनातसुद्धा पुरतं उच्चारता यायचं नाही. रात्री जमिनीवर पाठ टेकली की मात्र मणका न् मणका सांगायचा, की तिकडे तोही असाच पडला असेल.

तीन आठवडे भरायला दोन दिवस असताना धाकटीचा सकाळीच फोन आला. आवाजात नेहमीची अजिजी नव्हती.

"जाऊबाई, यांच्या पाठीला जखम व्हायला लागलीय. पडून पडून. मी टेम्पो सांगितलाय. तुमचं बाकीचं सामान हलवा सावकाश, पलंग मी आज नेते. अकरापर्यंत येते."

"अगं, पण..."

"खालीच झोपावं लागेल तुम्हाला दोन दिवस, कळतंय मला. पण इलाज नाही."

फोन बंद. नवऱ्याने गुडघे चोळत विचारलं, "तू सांगतेस की मी सांगू?" थोरली पहिल्यांदाच त्याला काही उलट बोलली नाही.

अकराला धाकटी आली. मागे टेम्पोवाला आणि त्याचा हमाल, खांद्यावर दोरखंड. तीन जिने चढून धाकटीला धाप लागली होती. काखेत जुनी रजई होती, जिन्यात पलंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून गुंडाळायला आणलेली. दारात तिने चपला काढल्या, तळपाय पायपुसण्यावर तीनदा पुसले आणि आत बघितलं. बैठकीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या.

"अगंबाई, हलवलंत सगळं? पलंग ठेवलात ना पण?"

थोरली दार धरून उभी होती. धाकटी तिच्या बाजूने आतल्या खोलीत गेली. खोलीत भिंतीशी दोन गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, त्यांवर दोन उशा. बाकी नुसती फरशी, आरशासारखी लख्ख.

"कुठाय?" धाकटी म्हणाली.

"नाही."

"विकलात?"

"नव्हताच." थोरलीचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "फोटोत घातलेला आहे तो. घर विकायला घालतात तसं. सोफा, कपाट, काहीच नाहीये. दोन वर्षं नाहीये."

हमालाने दोरखंड एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. टेम्पोवाला म्हणाला, "मग बाई, खाली न्यायचं काय?"

"दोन वर्षं?" धाकटी म्हणाली. "का?"

नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. हे तिचं तिनेच बोलायचं होतं.

"ढेकूण झाले होते. सगळं कापून टाकलं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. थोरलीला वाटलं, आता हसेल. हसावंच तिने. त्या लग्नातलं हसू परत करायला याच्यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती. पण धाकटी हसली नाही. तिने काखेतली रजई उलगडली, परत घडी घातली, तिलाच काही समजत नसल्यासारखी.

"ढेकूण कोणाकडे होत नाहीत, जाऊबाई?" ती म्हणाली. "मास्तरीणबाईंचा पलंग मी परत पाठवला. माणसांनी दारापर्यंत आणला होता. दारातून परत पाठवला. तीन आठवडे मी आणि शेजारचा एक माणूस काखेत हात घालून यांना उचलतोय. रोज सहा-सात वेळा. ओरडू नये म्हणून हे तोंडात टॉवेल धरतात." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "एक शब्द सांगितला असतात तर काय गेलं असतं तुमचं?"

काय गेलं असतं ते थोरलीला ठाऊक होतं, आणि ते एवढंसं होतं, की ते सांगायचीही लाज वाटली.

"चल," ती म्हणाली. "सुताराकडे एक तयार होता."

टेम्पोत पुढे तिघं दाटीवाटीने बसले, हमाल मागे. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. सुताराच्या दाराशी तो साधा पलंग अजून होता, वर लाकडाचा भुसा साचलेला. सुताराने थोरलीला ओळखलं, काही बोलायला तोंड उघडलं, धाकटीचा चेहरा बघितला आणि फडक्याने नुसता भुसा झटकला. पैसे देऊन, पलंग चढवून, दोर आवळून टेम्पो निघाला. टेम्पोवाला घड्याळात बघून म्हणाला, "चला, दहा मिनिटांत झालं काम."

दहा मिनिटं. थोरलीने मान खाली घातली ती धाकटीचं घर येईपर्यंत वर केली नाही.

दीर खिडकीखाली गादीवर पडला होता. एकेकाळी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा माणूस, आता पांघरुणाखाली अंग दिसतही नव्हतं. शेजारच्या मास्तरीणबाई त्याला पेज भरवत बसल्या होत्या. पलंग आला, भिंतीजवळच्या मोकळ्या जागेत बसला, वर गादी पडली. मग चौघांनी त्याला उचललं. थोरलीने पाय धरले होते. उचलताना त्याने टॉवेलाचं टोक दातांत धरलं, ते तिने जवळून बघितलं. वर ठेवल्यावर त्याने डोळे मिटून दोन-तीनदा मोठा श्वास सोडला. मग हाताने पलंगाची कड चाचपली.

"हा तो नाही ना?" तो म्हणाला.

धाकटीने पांघरूण त्याच्या पायांवर ओढलं.

"नसू दे, वहिनी. तुमचा तुम्ही ठेवलात ते बरंच केलंत. एवढी उंची चीज आमच्याकडे मळली असती. हा छान आहे. खरंच छान आहे."

तो रागाने बोलत नव्हता, टोमणाही नव्हता. त्याची मनापासून तशी समजूत होती. चांगला पलंग थोरल्या वहिनीने स्वतःला ठेवला आणि साधा इकडे पाठवला, आणि त्यात त्याला नवल काहीच वाटलं नव्हतं. तीस वर्षांत त्याने तिला एवढंच ओळखलं होतं.

धाकटीने उशी नीट केली. तिने काही सांगायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. मास्तरीणबाई पेजेचं भांडं हातात धरून उभ्या होत्या. थोरलीला दिसलं, की सुटायला ही वाट मोकळी आहे. आपमतलबी म्हणवून घ्यायचं आणि घरी जायचं. त्याची तिला सवय होती, त्यात अब्रू जात नव्हती. एक 'हो' पुरे होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी ठेवला नाही. तो पलंग नव्हताच. नुसतं चित्र होतं."

त्याला कळलं नाही. तिने पहिल्यापासून सांगितलं. खुर्ची, गांधी, करवत, पोती, रंगकामाची थाप. हा पलंग सुताराच्या दारात तीन आठवड्यांपूर्वीही असाच उभा होता, आणि आपण तो बघून परत आलो, तेही सांगितलं. हे धाकटीलाही माहीत नव्हतं. उशीवरचा तिचा हात थांबला. मास्तरीणबाईंनी भांडं हळूच खाली ठेवलं. उद्या सकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार होतं, आणि परवापर्यंत सगळ्या नात्याला.

दीर वर आढ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे तुम्ही आणि दादा झोपता कशावर?"

"खाली," थोरली म्हणाली.

कोणी चार शब्द सुनावले असते तर तिला तिथे उभं राहता आलं असतं.